दुनळीवरचं बदक

छिंदवाड्याकडच्या सौंसरच्या पुंडलिकराव सांबारे गुरुजींकडे जुन्या दुनळी बंदुकांचा संग्रह आहे. एकूण त्रेसष्ट बंदुका. त्यांपैकी बासष्ट बंदुका इतर लोकांच्या घरी असतात.

यात हसण्यासारखं काही नाही. सरकारच्या कायद्यानं एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि पत्नी उर्मिलाबाईंच्या कायद्यानं एकच. अशा परिस्थितीत माणसानं संग्रह करायचा तरी कसा? गुरुजींनी तो वह्यांत केला. जाड पुठ्ठ्याच्या, लाल कापडाची शिवण असलेल्या सात वह्या. प्रत्येक बंदुकीला चार पानं. मालकाचं नाव, गाव, नळ्यांची लांबी, घोडे बाहेर आहेत की आत, दस्ता मूळचा की मागाहून बसवलेला, नळ्यांच्या पोटावरचे छाप, आणि शेवटी पोलादावर पातळ बटर पेपर धरून वरून पेन्सिल घासून काढलेली नक्षीची छपाई. एकतीस वर्षं गुरुजींनी शाळेत भूगोल शिकवला. कुठली नदी कुठून निघते यात त्यांचा कधीमधी गोंधळ होई. पण तालुक्यातली कुठली बंदूक कुठून निघाली, कोणत्या साहेबाकडून कोणत्या पाटलाकडे आली आणि वाटेत तिचा घोडा कुठे मोडला, हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता येई. उर्मिलाबाई म्हणतात, न विचारताही सांगत.

सुरुवातीला ते घरोघरी जाऊन बंदुका पाहत. त्याचा लोकांना फार त्रास झाला. एक नीटनेटका, टोपीवाला माणूस दारात उभा राहून हळूच विचारतो, "तुमच्याकडे जुनी दुनळी आहे ना?" म्हटल्यावर निम्मं घर मागच्या दारानं निघून जाई. उरलेल्यांसमोर गुरुजी बंदूक घेऊन बसत, आणि मुलगी पाहायला आलेल्या चुलत्यासारखे तिची उंची, वजन, वय, मूळ घराणं आणि लपवलेलं व्यंग विचारत. जाताना "कळवतो" म्हणत.

मग त्यांना लोकशाहीचा शोध लागला.

निवडणूक जाहीर झाली की आचारसंहिता लागते आणि लायसनच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. इतर लोक निवडणुकीत उमेदवार पाहतात. गुरुजी बंदुका पाहत. सतरंजी, भिंग, बटर पेपरची गुंडाळी, तीन पेन्सिली आणि पोळीभाजीचा डबा घेऊन ते सकाळी दहाला ठाण्यात हजर होत. मुन्शीला चाळीस-पन्नास बंदुकांच्या नोंदी कराव्या लागत, त्याला हात लावायला माणूस हवाच असे. गुरुजींचं अक्षर मोत्यासारखं. बंदूक जमा झाली की मालकाच्या नावाची पुठ्ठ्याची चिठ्ठी चापाच्या कडीला सुतळीनं बांधायची, हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. सगळ्या निवडणुका एकाच वेळी घ्याव्यात असं एकदा चौकात कोणी म्हणालं, तेव्हा इतका शांत माणूस उसळून उठला. "म्हणजे पाच वर्षांतून एकदाच? अन् मधे लोकांनी काय करावं?"

या संग्रहातली त्यांच्या स्वतःच्या घरची बंदूक म्हणजे नोंद क्रमांक एक. आजोबांची. आजोबांनी ती संत्र्याच्या बागेत येणाऱ्या रानडुकरांसाठी घेतली होती आणि आयुष्यात तीनदा चालवली. दोन बार आभाळाकडे गेले आणि तिसरा उडालाच नाही. डुकरं शेवटपर्यंत बागेत येत राहिली. पण बंदूक अस्सल बर्मिंगहॅमची होती. नळ्यांच्या पोटावर मुकुटाचे छाप होते, आणि डाव्या घोड्याखालच्या पोलादी पट्टीवर बोटाच्या पेराएवढं एक बदक कोरलेलं होतं. गवतातून मान वर काढून बसलेलं. त्या बदकावर गुरुजींनी बारा पानं लिहिली होती. बदक इंग्लंडातलं की हिंदुस्थानातलं, कोरणारा उजवा की डावरा, आणि बदकाच्या चेहऱ्यावरून तत्कालीन समाजाविषयी काय अनुमान काढता येईल, असं सगळं त्यात होतं.

दोन हजार तेराच्या विधानसभेच्या वेळी ठाण्यातल्या सतरंजीवर मोहगावच्या गुणवंता ढोकेची बंदूक गुरुजींच्या समोर आली. संत्री आणि कापूस करणारा, पन्नाशीचा, मोकळ्या तोंडाचा माणूस. त्याची दुनळी पाहून गुरुजी चकितच झाले. हुबेहूब त्यांच्या बंदुकीसारखी. तसेच बाहेरचे घोडे, तसाच दस्ता. मग उलगडा झाला. दोघांच्याही मूळच्या दस्त्यांना वाळवी लागली होती आणि दोघांच्याही बापांनी नवे दस्ते बोरगावच्या एकाच सुताराकडून, बहुधा एकाच शिसवाच्या ओंडक्यातून करून घेतले होते. दोन्ही बंदुका जुळ्या बहिणींसारख्या शेजारी शेजारी निजल्या होत्या.

गुरुजींनी गुणवंताच्या बंदुकीच्या नळ्या उघडून उलट्या केल्या, भिंग लावलं आणि मान हलवली.

"काय झालं गुरुजी? बिमार हाय का?"

"गुणवंता, ही अंडाकृती चौकट दिसते? आत तीन अक्षरं, खाली तारा? ही इंग्लिश नव्हे. ही बेल्जियमची."

"पण वरतं तं इंग्रजी नाव हाय न."

"ते मिरवण्यापुरतं. त्या काळी तिकडून स्वस्तात बंदुका यायच्या आणि खपाव्या म्हणून वर इंग्रजासारखं नाव कोरायचे. दर्जा," गुरुजींनी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात वहीत लिहिलं, "दर्जा बरा."

सतरंजीभोवती दहा-बारा बंदूकवाले बसलेले. गुणवंताच्या आज्यानं ही बंदूक एका गोऱ्या साहेबानं खूश होऊन दिली, असं सत्तर वर्षं गावात सांगितलं होतं. गुणवंता उठला. पावती घेऊन गेला.

मग गुरुजींनी दोन्ही जुळ्या बहिणींची छपाई घ्यायला घेतली. तुलनेसाठी. चिठ्ठ्या मधे येत होत्या म्हणून त्या सोडून बाजूला ठेवल्या. एवढ्यात ठाण्यात नवे आलेले ठाणेदार आत शिरले. सतरंजीवर उघड्या पडलेल्या सहा बंदुका, बटर पेपर, डब्यातली वांग्याची भाजी, आणि मधोमध भिंग लावून ओणवा झालेला म्हातारा पाहून ते जागच्या जागी थांबले.

"गुरुजी, ये थाना है कि मीना बाज़ार?"

गुरुजींनी घाईघाईनं बंदुका जोडल्या, घाईघाईनं चिठ्ठ्या बांधल्या, डबा बंद केला आणि बाहेर आले. त्या दिवसापासून ठाण्याचं दार त्यांना बंद झालं. पुढच्या प्रत्येक निवडणुकीत ते इतर लोकांसारखे आपली बंदूक खिडकीतून देत आणि खिडकीतून घेत. मुन्शी लायसनवरचा नंबर पाहून रजिस्टरात लिही, बंदुकीकडे पाहत नसे. कागदावरून कागद होत होता.

दोन हजार चौदाच्या दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी गुरुजींनी खोळीतून बंदूक काढली, पाटावर ठेवली, बदकाला कुंकू लावायला बोट पुढे केलं आणि ते बोट हवेतच राहिलं.

बदक नव्हतं.

पट्टी होती. तिच्यावर बारीक वेलबुट्टीही होती. बदक तेवढं उडून गेलं होतं.

इथे एखाद्या साध्या माणसानं बंदूक उलटी करून पाहिली असती. पण गुरुजी साधा माणूस नव्हते, अभ्यासक होते. नोंद क्रमांक एक सोळा वर्षांपूर्वीच पूर्ण झाली होती. झालेली नोंद ते पुन्हा तपासत नसत. बंदूक तीच, दस्ता तोच, बदक नाही. म्हणजे बदक झिजलं. झिजलं म्हणजे कोणीतरी घासलं. घरात माणसं दोन, कारण मुलगा अभिजीत नागपूरला नोकरीला. तपास फार लांबला नाही.

उर्मिलाबाई दर दसऱ्याला देवाची भांडी चिंचेनं घासत आणि त्याच हातानं बंदुकीचं पोलादही पुसून, वर तेलाचं बोट फिरवून देत. लग्न झाल्यापासूनचा शिरस्ता.

"चिंच," गुरुजी म्हणाले.

"चिंचेचं काय?"

"चिंचेत आम्ल असतं. आम्लानं पोलाद झिजतं. तू बदक घासून टाकलंस."

उर्मिलाबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. "मी? बदक?"

"हळूहळू. तुला कळलंही नसेल."

"आवो, हे गंज पाहा." त्यांनी पाटाजवळचं पितळेचं गंज, म्हणजे उभट पातेलं, उचलून त्यांच्या नाकापुढे धरलं. काठाखाली कोरलेलं होतं, 'चि. सौ. कां. उर्मिला हिस मामाकडून'. "तीस वर्षं झाले याले चिंचेनं घासून राहिली मी. माझ्या मामाचं एक अक्षर गेलं नाही. अन् तुमच्या इंग्रजाचं आख्खं बदक गेलं?"

हा पुरावा बिनतोड होता. म्हणूनच गुरुजींनी त्याची नोंद घेतली नाही. पितळ वेगळं, पोलाद वेगळं, असं काहीतरी पुटपुटले.

गोष्ट घरात राहिली असती तर मिटली असती. पण डिसेंबरात पांढुर्ण्याच्या ज्येष्ठ नागरिक मंडळानं त्यांना व्याख्यानाला बोलावलं. विषय त्यांनी स्वतः निवडला, 'प्राचीन शस्त्रांचे घरगुती शत्रू'. वाळवी, ओल आणि उंदीर झाल्यावर गुरुजी चौथ्या शत्रूकडे वळले. चिंच. बटर पेपरवरची बदकाची जुनी छपाई त्यांनी वर धरून दाखवली. "हे बदक आज अस्तित्वात नाही. ज्या घरात ते दीडशे वर्षं टिकायला हवं होतं, त्याच घरात, श्रद्धेच्या भरात, ते घासलं गेलं." सभागृहातल्या तीस बाया एकदम वळल्या आणि पहिल्या रांगेत, हिरवं लुगडं नेसून बसलेल्या उर्मिलाबाईंकडे पाहू लागल्या. एकीनं तर "अगंबाई" असंही म्हटलं.

परतीच्या बसमध्ये उर्मिलाबाई सौंसरपर्यंत वेगळ्या सीटवर बसल्या. उतरताना म्हणाल्या, "आजपासून चिंच तुमची."

"म्हणजे?"

"म्हंजे मी घासलं की झिजते न? मग तुम्हीच घासा. समई, पंचपाळं, गंज, घागर, सगळं. बदक परत येईल त्या दिवशी मी चिंचेले हात लावीन."

गुरुजींना वाटलं, संक्रांतीपर्यंत राग जाईल. त्यानंतर दहा संक्रांती झाल्या.

दहा वर्षं गुरुजी मोरीपाशी पाटावर बसून पितळ घासत आले. सण असो, एकादशी असो, सत्यनारायण असो. आधी हात कापले, मग निबर झाले. कोणती चिंच जुनी, कोणती नवी, राख चुलीची बरी की गोवरीची, यावर त्यांनी वही काढली नाही एवढंच. शेजारच्या मंगलाबाई कुंपणावरून दाद देत. "गुरुजी, समई काय निघाली हो! आमच्या ह्यांना जरा शिकवा न." अभिजीत फोनवर म्हणे, "बाबा, स्टीलचं घेऊन टाका न सगळं." मागून आईचा आवाज येई, "देवाले स्टील?" आणि विषय संपे. दसऱ्याला उर्मिलाबाई बंदुकीला हात लावत नसत. दोन हात दूर उभ्या राहून अक्षता टाकत, नवस फेडायला आलेल्या परक्या बाईसारख्या. गुरुजींना ते दिसे. पण ते बदकाच्या दुःखात असत.

मग पांढुर्णा जिल्हा झाला. छिंदवाड्याच्या फायली पांढुर्ण्याला आल्या, आणि दोन हजार चोवीसच्या पावसाळ्याच्या शेवटी गुरुजींना नव्या जिल्ह्याकडून पत्र आलं. अमुक तारखेला लायसन आणि बंदूक घेऊन हजर राहावे, बंदुकीवरचा नंबर लायसनशी जुळवून पाहिला जाईल, न जुळल्यास बंदूक जमा.

पत्रातलं शेवटचं वाक्य गुरुजींनी वाचलंच नाही. त्यांनी 'सर्व लायसनधारक' एवढेच दोन शब्द वाचले. सर्व! एका मांडवाखाली! दहा वर्षांनी भिंग पुन्हा बाहेर निघालं. खोळीतली बंदूक मांडीवर आडवी घेऊन ते बसमध्ये बसले. कंडक्टरनं विचारलं, "गुरुजी, बॅट का?" गुरुजी म्हणाले, "बंदूक." पांढुर्ण्यापर्यंत त्यांच्या शेजारची सीट रिकामी राहिली.

मांडवाखाली चाळीस माणसांची रांग होती. टेबलामागे धनश्री मॅडम नावाची तरुण बाई बसलेली. एकेक जण पुढे जाई, बंदूक उघडून नळ्यांच्या पोटावरचा नंबर मोठ्यानं वाची, मॅडम लायसनवर बोट ठेवून "ठीक है" म्हणत, आणि एक हवालदार पुढच्याला ढकली. गुरुजींना स्वर्ग दोन बोटं उरला होता. ते मागे वळून, वाकून, चवड्यांवर उभे राहून बंदुका पाहत होते. असं पाहता पाहता त्यांच्या अगदी मागचीच बंदूक दिसली. तोच शिसवाचा दस्ता. मालक गुणवंता ढोके. डाव्या घोड्याखाली काळी चिकटपट्टी लावलेली.

"रामराम गुरुजी. ओळखलं का आमच्या बेल्जमवालीले?"

"ओळखलं. पण हे काय चिकटवलं, गुणवंता? डिंकानं पोलाद खराब होतं."

गुणवंतानं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आचारसंहिता."

"काय?"

"तेराच्या इलेक्शनले बंदूक जमा केली न, तवा परत भेटली तं सरकारनं शिक्का मारून देल्ला होता तिच्यावर. पाखराचा. मले वाटलं, तपासणी झाल्याचा असंन. मंग चौदाचं इलेक्शन आलं. तवा आमच्या मोहगावात सारे फलक, कोनशिले कागद चिकटवून झाकून राहिले होते. मी म्हटलं, बाप्पा, हे पाखरू कोण्या पार्टीचं चिन्ह निंगालं तं? आपलं लायसन जाईन. तं मीबी झाकून टाकलं."

"आणि मग काढलं नाहीस?"

"काढू कव्हा? लोकसभा झाली का नगरपंचायत, नगरपंचायत झाली का विधानसभा. काढाले टाईम कुठी देते हे लोक?"

गुरुजी पट्टीवर वाकले. "पाखरू. कसं होतं?"

"लहानसं. गवतात बसेल. मान वरतं."

रांग एका माणसानं पुढे सरकली. गुरुजी सरकले नाहीत. हवालदारानं सरकवलं. त्यांनी आपली बंदूक उघडली, नळ्या उलट्या केल्या आणि, सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच, नोंद क्रमांक एककडे खालून पाहिलं. अंडाकृती चौकट. तीन अक्षरं. खाली तारा. दहा दसरे त्यांनी बेल्जियमला कुंकू लावलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच नळ्यांवर टिचकी मारून "ऐका, याला म्हणतात इंग्लिश पोलाद" असं सांगितलं होतं, आणि लोकांनी ते ऐकलंही होतं.

"गुरुजी, घाम काहून येऊन राहिला तुमाले?"

"गुणवंता," गुरुजी कुजबुजले, "तुझ्या हातात माझी बंदूक आहे. माझ्या हातात तुझी."

गुणवंतानं दोन्हींकडे पाहिलं. शेतकरी माणूस, बैल बदलले तर ओळखतो, पण बंदूक वर्षातून एकदा पाहतो. "बदलवली कोनं?"

यावर तीन उत्तरं गुरुजींना सुचली. मुन्शी, ठाणेदार आणि एकूण व्यवस्था. पुढे सात माणसं उरली होती. शाळेत ज्या पोरांना त्यांनी 'खरं सांग' म्हणून उभं केलं होतं, ती सगळी जणू मांडवात येऊन बसली.

"चिठ्ठ्या मी बांधल्या होत्या," ते म्हणाले.

गुणवंता इतका हसला की पुढचे सातही जण वळले. "म्हंजे साऱ्या तालुक्याच्या बंदुकीची जात सांगणारा माणूस, अन् स्वतःच्या घरी कोन नांदून राहिलं हे माईत नाही!"

"हळू बोल. नंबर जुळला नाही तर दोन्ही जमा होतील. तुझ्या आज्याची अन् माझ्या आज्याची."

हे ऐकून गुणवंताचं हसू थांबलं. गोऱ्या साहेबानं दिलेली असो की बेल्जियमहून आलेली असो, आज्याची ती आज्याचीच. त्यानं खिशातून सुपारी-तंबाखूच्या खऱ्र्याची पुडी काढली. "हवालदारसाब, जरा खर्रा घोटून घेतो. गुरुजी, पकडा बरं इले." आणि बंदूक गुरुजींच्या हातात दिली. खर्रा घोटून झाल्यावर त्यानं हात पुढे केला तो दुसऱ्या बंदुकीसाठी. हवालदाराला हे विचित्र वाटू नये म्हणून त्यानं चिमूटभर खर्रा गुरुजींच्या तळहातावरही ठेवला. शाळेत एकतीस वर्षं तंबाखूविरुद्ध भाषणं केलेल्या गुरुजींनी तो, कायद्याचा मान राखून, तोंडात टाकला.

टेबलापाशी पोचेपर्यंत त्यांना मांडव फिरताना दिसत होता. नंबर त्यांनी डोळे मिटून म्हटला. तो त्यांना पाठच होता.

"ठीक है," धनश्री मॅडम म्हणाल्या. "ये टेप कैसा है?"

"आचारसंहिता," गुरुजी म्हणाले.

"अच्छा," म्हणून मॅडमनी सही केली.

बंदूक वाचली. आता प्रश्न बदकाचा होता. खोळीत बदक होतं आणि घरी उर्मिलाबाई होत्या. परतीच्या बसमध्ये गुरुजींनी खूप विचार केला आणि विद्वान माणसाला शोभेल असा निर्णय घेतला, की चिकटपट्टी काढायचीच नाही.

"हे काय?" दारातच उर्मिलाबाईंनी विचारलं.

"सरकारी सील आहे. काढायचं नसतं."

उर्मिलाबाईंनी पट्टीकडे पाहिलं, मग गुरुजींकडे, आणि "बरं" म्हणून भाकरी थापायला गेल्या. त्या 'बरं'नं गुरुजींना आठ दिवस झोप लागली नाही.

दसऱ्याच्या आदल्या दुपारी ते मोरीपाशी पाटावर बसले. समई झाली, पंचपाळं झालं. मग गंज हातात आलं. चिंचेचा गोळा फिरवता फिरवता त्यांचा अंगठा काठाखाली अडखळला. 'चि. सौ. कां. उर्मिला हिस मामाकडून'. दहा वर्षं, वर्षातून निदान तीस वेळा, ते स्वतःच्या हातानं हे नाव चिंचेनं घासत होते. आधीची तीस वर्षं तिनं घासलं होतं. एक मात्रा पुसट झाली नव्हती. मामाच्या सोनारानं काल कोरल्यासारखी अक्षरं होती. तालुक्यातला सर्वांत लांबलेला प्रयोग त्यांनी स्वतःच केला होता आणि निष्कर्ष लिहायचा तेवढा टाळला होता.

गुरुजींनी हात धुतले. कपाटातली पहिली वही काढली, पेन काढलं आणि नोंद क्रमांक एकच्या शेवटी चार ओळी लिहिल्या. मग बंदूक आणि वही घेऊन स्वयंपाकघराच्या दारात, फळ्यासमोर उभं केलेल्या पोरासारखे, उभे राहिले.

"उर्मिला."

"हात पिठाचे हायेत."

"ऐक फक्त. 'दुरुस्ती. सदर बदक झिजलेले नाही. दोन हजार तेरामध्ये नोंदकर्त्यानेच चिठ्ठ्यांची अदलाबदल केल्यामुळे ते दहा वर्षांहून अधिक काळ मोहगाव येथे होते. चिंचेचा काही दोष नाही. चिंच वापरणाऱ्या व्यक्तीचाही नाही.'" आणि त्यांनी चिकटपट्टी ओढून काढली.

बदक तिथेच होतं. डिंकानं माखलेलं, पण मान वर.

उर्मिलाबाईंनी वाकून ते पाहिलं. मग पिठाचा हात पदराला पुसला आणि म्हणाल्या, "मले काय वाचून दाखवता? मले तं माईतच होतं, मी घासलं नाही म्हणून. जिथं सांगितलं होतं, तिथं जाऊन सांगा."

त्यामुळे दिवाळीनंतर पांढुर्ण्याच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात गुरुजींचं दुसरं व्याख्यान झालं. पहिल्याला साठ माणसं होती, दुसऱ्याला खुर्च्या कमी पडल्या. त्या तीस बाया आपापल्या सुनांना, विहिणींना घेऊन आल्या होत्या. मोहगावहून गुणवंता आला होता, टोपलीभर संत्री घेऊन. पहिल्या रांगेत उर्मिलाबाई, तेच हिरवं लुगडं.

गुरुजींनी काही लपवलं नाही. सतरंजी सांगितली, वांग्याची भाजी सांगितली, चिठ्ठ्या सांगितल्या. खऱ्र्यापाशी थोडे अडखळले, पण तेही सांगितलं. सभागृहानं अशी दाद दिली की वक्त्याला आपण विद्वान आहोत की नट, हे कळेना. शेवटी त्यांनी बटर पेपर वर धरला. "हेच ते बदक. आणि माझ्या पत्नीची मी या सभागृहात, या बदकाच्या साक्षीनं माफी मागतो."

टाळ्या थांबल्यावर पहिल्या रांगेतून आवाज आला. "बदक नाही ते."

गुरुजींनी कागद खाली घेतला. "काय?"

"तितर हाय. चोच पाहा न. बदकाची अशी असते का? अन् बदक गवतात कायले बसंन?"

भिंग खिशात होतं. गुरुजींनी सर्वांसमक्ष ते काढलं, कागदावर धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. बारा पानं त्यांच्या डोळ्यांसमोरून एकेक करून गेली. "मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तीस वर्षं पुसत होती मी त्याले," उर्मिलाबाई सभागृहाकडे वळून म्हणाल्या. "कोणी इचारलंच नाही."

रात्रीच्या आत सौंसर गाठायचं म्हणून ते दोघं पाचची बस धरून निघाले. गुणवंतानं दिलेली संत्री उर्मिलाबाईंच्या मांडीवर होती. त्या एकेक सोलून निम्म्या फोडी गुरुजींना देत, निम्म्या स्वतः खात. बस मोकळ्या रस्त्याला लागल्यावर गुरुजींनी धीर केला.

"बदक… म्हणजे तितर, परत आलं."

"आलं न."

"मग आता चिंच…"

उर्मिलाबाईंनी त्यांचा उजवा हात हातात घेतला, उलटा करून पाहिला, अंगठ्यावरचा घट्टा चाचपला, नळ्यांवरचा छाप तपासावा तसा.

"राहू द्या आता तुमच्याकडेच," त्या म्हणाल्या. "तुमचा हात बसला."